बिनउंबऱ्याचे घर

हिलाल, तुझ्या मृत्यूची बातमी मी लिहिली. ती अशी होती: ‘नवापूर स्टेशनच्या फलाटावर काल सकाळी एका अनोळखी इसमाचा आकस्मिक मृत्यू झाला. वय अंदाजे पंचेचाळीस, अंगात पांढरा सदरा, डोक्यास काळी टोपी. जवळ सागाचे दोन गोल दांडे सापडले. पोलीस तपास करीत आहेत.’

मजकूर मला नेहमीप्रमाणे इथल्या, नंदुरबारच्या, रेल्वे स्टेशनातून मिळाला. नवापूरहून फोन आला होता, बाबूंनी सांगितले आणि मी उतरवून घेतले. तो कागद बाजारभावांच्या आणि पाणीटंचाईच्या बातमीसोबत पेपरच्या पाकिटात घातला आणि धुळ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती दिला. इथल्या बातम्या अशाच जातात, तुला माहीत आहे. कंडक्टरला चहा पाजायला कितीदा तूच बरोबर आला आहेस. गाडी सुटली. मी स्टँडवरून घरी निघालो, तर स्टेशनातला हमाल समोरून धावत आला. तो म्हणाला, नवापूरवाल्या माणसाच्या खिशात आपल्या कापसाच्या जिनचा बिल्ला निघाला. आणि मग तुझे नाव घेतले.

दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना ठाऊक होते की हिलाल काटेवाला, जिनमध्ये कापूस तोलणारा, गेला. पेपरात मात्र तू अनोळखी इसम होतास. दुरुस्ती तिसऱ्या दिवशी आली.

पांढरा सदरा या गावात शेकडो लोक घालतात, काळी टोपीही. पण सागाचे दोन गोल दांडे घेऊन प्रवास करणारा माणूस मी एकच ओळखत होतो, आणि ते शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले. ते दांडे कशासाठी आहेत हेही मला माहीत होते. तरी कुठे काही हलले नाही. बातमी म्हणून ती इतकी नेहमीची होती. अजूनही मी ते वाक्य मनात म्हणून पाहतो आणि त्यात तू मला दिसत नाहीस. तू गेलास हे मला कळले आहे; मी तुला खांदाही दिला. पण समजलेले नाही.

दांडे तुझ्या बायकोसाठी, केसरवहिनींसाठी होते. धुळ्याच्या घरकर्जवाल्या साहेबाने तुझे नवे घर पाहून जाताना सांगितले होते की उताराला आणि संडासाला धरायला काहीतरी लावा, मग पूर्णतेचा दाखला देतो. दाखला मिळाला की कर्जाचा शेवटचा हप्ता. इथे वखारीत मिळेल ते लाकूड चालले असते. पण तुला सागच हवा होता, तोही हातात कुसळ न जाईल असा घासलेला. त्यासाठी तू नवापूर गाठलेस.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापात वहिनींचे पाय गेले. तेव्हा तू रनाळ्याकडच्या तुमच्या गावात होतास. तुमचे घर उंच जोत्याचे, दारात दगडी पायऱ्या, वर पुन्हा हातभर उंबरा. वहिनी आत गेल्या त्या आतच राहिल्या. बाहेर न्यायचे तर तू पाठीवर घ्यायचास. पहाटे शेताकडे न्यायचास, कारण दुसरी सोय नव्हती. तू नसशील त्या दिवशी काय होत असे, ते तू मला एकदाच सांगितलेस: त्या आदल्या दुपारपासून पाणी पीत नसत. सांगून झाल्यावर तू विषय बदललास आणि कापसाच्या दराबद्दल बोलू लागलास.

लोकांनी तुला देवमाणूस ठरवून टाकले होते. नंदुरबारच्या आठवडे बाजारात तू त्यांना पाठीवर घेऊन निघालास की वाट मिळायची. एकदा भाजीवाल्या म्हातारीने टोपली बाजूला सारून तुझ्या पायांना हात लावला. तू लाजून लाल झालास. तेव्हा तुझ्या खांद्यावरून वहिनी तिला म्हणाल्या, “माय, मन्हाबी पाया पडी ले. वजन तं मन्हंच शे ना!”

म्हातारी हसली, आसपासचे सगळे हसले. तू हसला नाहीस. परतताना मला म्हणालास, “तिले हाई आवडत नही. लोके मले हात जोडतस, तिनाकडे कोनी देखत नही.” मला ते तेव्हा फारसे कळले नव्हते. मला वाटायचे, बायकोला पाठीवरून नेणारा नवरा, याहून अधिक काय हवे असते?

मग जिनमधले कारकून, हमाल-मुकादम आणि शाळेतले काही गुरुजी मिळून गृहनिर्माण सोसायटी निघाली. थोड्या पगाराच्या लोकांसाठी सरकारचे घरकर्ज. जमीन गावाबाहेर रेल्वेच्या पलीकडे. नकाशा वरून आलेला, सगळ्या घरांना एकच: जोते उंच, पुढे ओटा, ओट्याला पायऱ्या, दाराला उंबरा, संडास परसात शेवटी. जोते झाले की ओव्हरसियर पाहणार आणि हप्ता देणार, चौकटी बसल्या की पुन्हा, छप्पर पडले की पुन्हा. नकाशाप्रमाणे नसेल तर हप्ता थांबला. तो कागद तू स्टेशनजवळच्या हॉटेलात टेबलावर पसरलास, त्यावर चहा सांडलास आणि मला विचारलेस, “देख रे पेपरवाला. नकाशामा दार शे, खिडकी शे, मोरी शे. केसर कोठे शे?”

तिथून आपला वाद सुरू झाला.

तुला घराचा नकाशा बदलून हवा होता: जोते ठेंगणे, दाराला उंबरा नाही, पायऱ्यांच्या जागी उतार, संडास घराला लागून आणि त्यात बसायला उंचवटा. इथपर्यंत माझी ना नव्हती. पण उताराचा आणि संडासाचा जादा खर्च कर्जात नको, सरकारने अनुदान म्हणून द्यावा, असा तू अर्ज केलास. मी म्हणालो, कर्ज घे आणि मानाने फेड. अनुदान म्हणजे भीक. आणि नियम एकदा एकासाठी वाकला की उद्या दहाजण वेगवेगळी कारणे घेऊन उभे राहतील. तू खरा आहेस, पण ते खरे असतील कशावरून?

तू बशीतला चहा फुंकत म्हणालास, “विहीरले अनुदान देतस. बियानाले देतस. बैल मरना तं मदत देतस. मंग बाईना पायले काय झायं?”

“आणि उद्या सगळ्यांनीच मागितले तर?”

“मांगू दे. म्हतारा तं सर्वाच व्हतीन.”

ओव्हरसियरने तुला तोंडी उत्तर दिले की योजनेत लंगड्यापांगळ्यांसाठी खर्चाची बाबच नाही. तू म्हणालास, नसेल तर काढा. अर्ज धुळ्याला गेला, धुळ्याहून मुंबईला गेल्याचे कळले. उत्तर आज हे लिहीपर्यंत आलेले नाही. मी तेव्हा म्हणालो होतो की मी या सगळ्यावर लिहितो, वर हालचाल होईल. तू एकदम गंभीर झालास. “तिनी बातमी करू नको.” तुझा शब्द मी पाळला. आज तो मोडतो आहे. वहिनींना विचारून मोडतो आहे.

युद्धाचे दिवस होते, सिमेंट परमिटवर मिळायचे. तुझ्या वाट्याचे सिमेंट आले तसे तू इस्माईल गवंड्याला सांगितलेस की दाराला उतार काढायचा. इस्माईलचाचांनी आयुष्यात एकच उतार बांधला होता, तो तुमच्या जिनमधला. कापसाच्या भरल्या गाड्या ज्यावरून फलाटावर चढतात तो. माणसासाठीचा उतार या गावात कोणी पाहिलेला नव्हता. तूही नाही, मीही नाही. चाचांनी तोच बांधला, दगडी, भक्कम आणि उभा. घराच्या तोंडाशी जिनचा फलाट आणून ठेवल्यासारखा दिसत होता. आपण दोघांनी पाहिला आणि वा म्हणालो.

वहिनींचे गाडे तयार झाले होते. जाड फळी, खाली चार लोखंडी चाके, हातात धरून जमीन ढकलायला दोन लाकडी ठोकळे. त्यांना बसवण्याआधी तू म्हणालास, मी बसून पाहतो. वर नेलेस, बसलास, ठोकळे टेकवलेस. पुढे जे झाले ते फार वेगाने झाले. शेजारच्या गुरुजींच्या काटेरी कुंपणातून तुला बाहेर काढताना तुझी टोपी वर फांदीला होती. वहिनी खाली बाजेवर बसल्या होत्या. हसून हसून त्यांना बोलता येईना.

चाचांना मात्र अपमान वाटला. “हिलालभाऊ, भरी हुई गाडी चढती है इसपे. बाई का वजन कितना?”

“चाचा, गाडीले बैल ऱ्हातस.”

चाचा बराच वेळ उताराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हां. वो तो है.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः घण घेऊन तो फोडला. मजुरी घ्यायला तयार नव्हते. नवा उतार वहिनींना समोर बसवून बांधला. थोडा भराव टाकायचा, त्यांनी गाडे चढवून पाहायचे, दम लागला की चाचा म्हणणार, “और लंबा.” असे करत करत उतार दारातून निघून भिंतीला समांतर वळला आणि घराची पुढची सारी बाजू खाऊन बसला. ओट्याला जागाच उरली नाही.

पाहणीला साहेब आला तेव्हा मी हजर होतो. त्याने नकाशा उघडला, घराकडे पाहिले, पुन्हा नकाशाकडे पाहिले. जोते ठेंगणे, ते एक वेळ चालवून घेईन म्हणाला, इथे पुराची भीती नाही. संडासही चालेल. “पण ओटा कुठे आहे? प्रत्येक घराला ओटा हवा.”

तू उताराकडे बोट केलेस. “हाऊ काय, साहेब.”

“हा उतार आहे.”

“ओटा शे. तिरपा शे. ओटा सपाट पाहिजे आसं कोठे लिखेल शे?”

साहेब तरुण होता. त्याने नकाशावरच्या टिपा खरोखर वाचून काढल्या. वाचून झाल्यावर त्याच्या मिशीखाली काहीतरी हलले. मग त्याने धरायला दांडे लावायला सांगितले. निघताना वहिनींना ‘बाई, पाणी मिळेल का’ म्हणाला. त्या गाडे ढकलत आत गेल्या, तांब्या मांडीवर ठेवून बाहेर आल्या आणि त्याच्या हातात दिला. तू तेव्हा माझ्याकडे पाहिलेस. ते पाहणे मला शब्दांत लिहिता येत नाही. माझ्या धंद्यात तशा गोष्टींना जागा नसते.

दाखल्याची वाट न पाहता दिवाळीनंतर तुम्ही राहायला आलात. तुझे थोरले भाऊ नथ्थूभाऊ, त्यांची बायको येऊन नाक मुरडून गेली. घराला उंबरा नाही, मग लक्ष्मी कुठे थांबणार, हळदकुंकू कशाला वाहायचे? केसरवहिनी रोज सकाळी दारात उंबऱ्याच्या जागी हळदीची जाड रेघ ओढत, तिला कुंकू लावत. त्यांच्याच चाकांनी ती दुपारपर्यंत पुसून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तू म्हणायचास, “आम्हना उंबरा रोज नवा.”

उन्हाळा आला आणि तू नवापूरला गेलास.

तुला गाडीतून आणले. तुझ्याबरोबर रेल्वे पोलिसांनी ते दांडेही दिले, नीट दोरीने बांधलेले. पुढचे सगळे झपाट्याने उरकले, उन्हामुळे. मी यादी करत गेलो: कोण आले, कोण यायचे आहे, लाकडे कुठून, गाडी कोणाची. यादी करता येते तोवर माणूस उभा राहतो.

तिसऱ्या दिवसापासून लोक दारावर यायला लागले. आपल्याकडे दुखवट्याला पुरुष घरात जात नाहीत. ओट्यावर बसतात, बिडी पेटवतात, गेलेल्याचे दोन शब्द बोलतात. बायका आत जातात, आणि विधवा बाई कोपऱ्यात बसलेली असते. तुझ्या घरी जिनचे लोक आले, गुरुजी आले, तुमच्या गावचे बैलगाड्या जुंपून आले. येऊन उभेच राहिले. बसणार कुठे? ओटा तिरपा. एकाने उतारावर बसून पाहिले, तो हळूहळू घसरत खाली आला. हसू आवरायला त्याने तोंडावर उपरणे धरले. ऊन रणरणत होते. तू असतास तर म्हणाला असतास, देख, साहेबले सांगू नको.

तेवढ्यात आतून चाकांचा आवाज आला. वहिनी दारात आल्या. तुझे मोठे भाऊ नथ्थूभाऊ, त्यांचे जेठ, समोर उभे, म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. आतून बायकांचे ‘नको माय, नको, कोनामा बस’ चालू होते. त्यांनी माझ्या दिशेने तोंड केले. “भाऊ, त्यासले सांगा, मझार या. ऊनमा कसाले उभा शेतस.”

कोणी हलेना. दुखवट्याला आलेले पुरुष, विधवा दारात आलेली, घरात चला म्हणते आहे. असे कोणी पाहिले नव्हते. आतून कुणीतरी पुन्हा म्हणाले, कोनामा बस. वहिनी मागे वळून म्हणाल्या, “मी जल्मभर कोनामा बठेल शे, माय. आते बसाव नही.”

पहिले इस्माईलचाचा आत गेले. मग आम्ही सगळे.

नथ्थूभाऊंनी तिथेच विषय काढला. त्यांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. तीन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. त्यांनी गाडी आणली होती, तिच्यात गवत पसरून वर गोधडी घातली होती. “चाल व माय. आठे एकली काय करशी? घर सोसायटीले दी टाकू, नही तं मन्हा पोऱ्या ऱ्हाई. तुले आम्ही फुलनागत ठेवसूत. उचलाले चार जन शेतस घरमा.”

मला त्या गावच्या घराच्या पायऱ्या दिसल्या, हातभर उंबरा दिसला, आणि दुपारपासून पाणी न पिणारी बाई दिसली. पण बोलणे माझे नव्हते. सोसायटीचे अध्यक्ष गुरुजी खाली बघत होते. घर तुझ्या नावावर, दाखला अजून नाही, शेवटचा हप्ता अडलेला, पुढची फेड बाकी.

जेठांशी सरळ बोलायची रीत नाही, म्हणून वहिनी माझ्याशीच बोलत राहिल्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “भाऊ, त्यासले सांगा, त्यासनं बरोबर शे. त्या मले सांभाळतीन. पन मी येवाव नही.”

“हप्ता कोन भरी?” नथ्थूभाऊंनी मलाच विचारले. दोघे एकमेकांपासून चार हातांवर बसले होते आणि मी मधे.

“मशीन शे मन्हाकडे. हातनं शे, पायनं नही. गल्लीन्या चोळ्या मीच शिवस. मांगनी खोली भाड्यानी दिसू.”

“आनी आंग आंथरूनले लागी जाई तवय?”

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “त्यासले सांगा, तवय बलावसू. तवय येज्यात.”

नथ्थूभाऊ रडायला लागले. मोठ्याने, तोंड न झाकता. तीन दिवस ते रडले नव्हते. रडून झाल्यावर त्यांनी उपरण्याने चेहरा पुसला आणि गुरुजींना विचारले, बाईमाणसाला सभासद करता येते का. गुरुजी म्हणाले, वारस म्हणून करावेच लागेल, आणि नसते करता येत तरी केले असते. नथ्थूभाऊंनी गोधडी गाडीतून काढून वहिनींसाठी ठेवली आणि गवत बैलांना घातले. संध्याकाळी ते रिकामी गाडी घेऊन गेले.

दांडे इस्माईलचाचांनी बसवले. साहेब पुन्हा येईल, दाखला देईल, बहुधा देईल. अनुदानाच्या अर्जावर आता केसरवहिनींच्या सहीने स्मरणपत्र गेले आहे. ते लिहून मी दिले. म्हणून मी तुझ्या बाजूचा झालो असे समजू नकोस. नियम वाकवण्याबद्दल मला अजूनही शंका आहेत, आणि त्या मी कोणासमोर मांडायच्या, हे मला कळत नाही. हॉटेलात मी परवा दोन चहा सांगितले. पोऱ्याने दोन आणून ठेवले.

काल मी वहिनींना हा मजकूर लिहू का म्हणून विचारायला गेलो. त्या चोळीला काजे करत होत्या. लिहा म्हणाल्या. मग मी, बातमीदाराची सवय, विचारले की इतकी वर्षे तो तुम्हाला पाठीवरून नेत होता, त्यातले काय आठवते.

त्यांनी सुई थांबवली. “पाठवर ऱ्हाऊ तं मले काय दिसे, भाऊ? त्यासनी मान. घामाघूम मान. बाजारमा, शेतमा, बठ्ठीकडे मानच.” दोरा दाताने तोडला. “आठे उनूत तवय त्या सांजले जिनमाथून येवाना टाईमले मी उतारवर जाई बसू. समोरथून येत त्या. तवय मी त्यासले पह्यल्यांदा चालताना दख्खं. खांदा एक खाले. मन्हामुये झायेल व्हई तसा. मले कधी मालूमच नव्हतं.”

हिलाल, तुझा डावा खांदा उतरलेला होता. शाळेत तो सरळ होता. पुढे तो उतरत गेला ते मी पाहत आलो आणि कधी लिहिले नाही, बातमीतल्या वर्णनातही नाही. त्या उतारावर बसून रोज काय पाहत होत्या, हे वहिनींनी तुला सांगितले होते का, असे मी विचारले. नाही म्हणाल्या. सांगणार होते, अजून खूप दिवस आहेत असे वाटले.